आमची वाटचाल: चाकापासून ड्राइव्हपर्यंत

आमच्या कामाची सुरुवात आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून इंजिन लावलेल्या, बोटींच्या स्टिअरिंग केबलपासून झाली. तक्रार ठरलेली असायची: चाक जड झालंय, केबल बदलून द्या. केबल बदलणं सोपं, पण दोष तिच्यातच असेल असं नाही. म्हणून पहिल्या दिवसांतला नियम आजही तोच आहे. जोडणी एकेका ठिकाणी सोडवत जायचं आणि जडपणा कुठे उरतो ते पाहायचं. नवा भाग त्यानंतरच मागवायचा.

इंजिन बंद करून आधी केबल आणि इंजिन जोडणारा लिंक रॉड सोडवतो आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकलतो. तेच जड असेल तर इंजिन ज्यात वळतं त्या स्विव्हल ब्रॅकेटमधलं ग्रीस सुकलेलं असतं. केबलचा काही संबंध नाही. इंजिन हलकं पण चाक जड असेल, तर टिल्ट ट्यूब, म्हणजे केबलचं टोक ज्यातून जातं ती इंजिनाची पोकळ नळी, तिच्यावरचा मोठा नट सोडून केबलचा रॅम (टोकाचा दांडा) बाहेर ओढायचा. तो हलत नसेल तर ट्यूबमध्ये गंज आणि दगडासारखं झालेलं जुनं ग्रीस. रॅम सुटल्यावर चाक मोकळं फिरलं, तर गोल वायर ब्रशने ट्यूब साफ करून मरीन ग्रीस लावलं की काम झालं. तरीही जड असेल तर केबल हेल्मपासून, म्हणजे चाकामागच्या यंत्रणेपासून, सोडवायची; दोघांपैकी कोण दोषी ते लगेच कळतं.

केबल दुरुस्त होत नाही. बाहेरचं आवरण चिरलं की पाणी आत जातं, आतली तार गंजून फुगते, आणि वरून तेल सोडल्याने चार दिवसांचा दिलासा मिळतो. नवी टाकताना वळणाची त्रिज्या ८ इंचांपेक्षा कमी ठेवायची नाही, नाहीतर नवी केबलही जडच लागते. टिल्ट ट्यूबच्या निपलमधून ग्रीस भरताना रॅम पूर्ण आत घेतलेला हवा. तो बाहेर असताना ग्रीस दाबलं तर ते आत कोंडून हायड्रॉलिक लॉक होतो आणि चाक अडकतं. लिंक रॉडला सेल्फ-लॉकिंग नटच लागतो. साधा नट कंपनाने सुटतो, इंजिन एकदम एका बाजूला वळतं आणि वेगात असलेल्या बोटीतून माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. हातात वेळ नाही म्हणून साधा नट लावून द्या, असं म्हणणाऱ्याला आम्ही सरळ नकार देतो.

पुढे हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, स्टिअरिंगची कामं यायला लागली. इथे चाक जड होण्यापेक्षा लुसलुशीत होतं, फिरवलं तरी इंजिन उशिरा वळतं. कारण बहुतेकदा हवा. पण हवा काढण्याआधी ती शिरली कुठून ते शोधावं: सिलिंडरच्या रॉडवरचं सील, होजची टोकं, हेल्मच्या शाफ्टचं सील, या तीन जागा कोऱ्या कापडाने पुसून पाहाव्यात. गळती तशीच ठेवून हवा काढली तर तीच बोट परत येते. हवा काढताना हेल्मची टाकी सतत भरलेली ठेवायची. एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. ब्रेक ऑइल कधीही घालू नये, सील खराब होतात. कुठेही गळती नाही, हवा नाही, तरी बोट हळूहळू एका बाजूला सरकत असेल, तर हेल्ममधल्या, तेल उलट येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असू शकतो.

आज सर्वात जास्त वेळ जातो तो स्टर्नड्राइव्हवर. १९५९ साली व्होल्व्हो पेंटाचा अ‍ॅक्वामॅटिक बाजारात आला, तेव्हापासून इंजिन बोटीत आणि ड्राइव्ह (प्रोपेलर असलेला भाग) बाहेर ही मांडणी रुळली. आतला स्टिअरिंग लिव्हर आणि बाहेरची, ड्राइव्हला वळवणारी गिंबल रिंग यांना जोडतो तो स्विव्हल शाफ्ट, आणि ढिलाई बहुधा त्याच्या आसपास असते. तपासणी दोन माणसांची आहे. इंजिन बंद, ड्राइव्ह खाली; एकाने मागून ड्राइव्ह डावी-उजवीकडे हलवायचा, दुसऱ्याने आत लिव्हरवर नजर ठेवायची. ड्राइव्ह हलतो पण लिव्हर स्थिर असेल, तर रिंग आणि शाफ्टची पकड झिजली आहे. रिंगचे बोल्ट आवळून थोडा फरक पडतो, पण शाफ्टच्या चौकोनाच्या कडा गोल झाल्या असतील तर आवळण्याला अर्थ नाही. लिव्हरही हलतो आणि पुढे केबलचं टोक हलत नाही, तेव्हा त्या दोघांना जोडणारी क्लेव्हिस पिन बघावी. शाफ्टशेजारी पाणी उतरत असेल तर वरचं सील गेलंय, आणि तेच पाणी लिव्हर गंजवतं. शाफ्ट बदलायचा तर अनेक रचनांमध्ये इंजिन काढावं लागतं, म्हणून ग्राहकाला आधीच सांगतो की खर्च भागाचा कमी, मजुरीचा जास्त.

पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असताना चाक जड लागणारच, त्यावरून निदान करू नये. इंजिन चालू असताना दोन्ही बाजूंना जड लागलं तर बेल्टचा ताण आणि तेलाची पातळी आधी पाहावी. तेलात फेस दिसला तर पंपात हवा शिरते आहे. एकाच बाजूला जड लागलं, किंवा चाक न फिरवता ड्राइव्ह स्वतःहून सरकला, तर संशय अ‍ॅक्च्युएटरच्या (वळवायला जोर देणाऱ्या सिलिंडरच्या) व्हॉल्व्हवर किंवा तो व्हॉल्व्ह हलवणाऱ्या केबलच्या जोडणीवर. अशी बोट पाण्यात सोडायची नाही.

काम झाल्यावर इंजिन मंद चालवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो, होज आणि बेलोज (ड्राइव्हची रबरी घडीदार आवरणं) कुठे घासत नाहीत ना ते पाहतो, मग वेगात चाचणी. उजव्या फिरकीच्या प्रोपेलरची बोट चाक थोडं उजवीकडे ओढते. तो बिघाड नव्हे. ड्राइव्हवर प्रोपेलरच्या वर असलेल्या ट्रिम टॅब या छोट्या पात्याची मागची कड ओढीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, थोडी वळवली की ती कमी होते. बोल्ट सैल करून पुन्हा आवळण्याचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही.