ॲमिलॉइडोसिस : नावात पिष्ट, आजारात प्रथिन

बाबांच्या औषधांच्या वहीत आम्ही तिघा भावंडांनी त्यांच्या आजाराचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले होते आणि प्रयोगशाळेच्या एका पावतीवर तर चक्क ‘ॲमायलेज’ असे छापून आले होते. वहीतल्या चुकांनी काही बिघडले नाही. पावतीवरची चूक मात्र वेळीच लक्षात आली म्हणून बरे, कारण ॲमायलेज हे पिष्ट पचवणारे एक विकर (एन्झाइम) असून स्वादुपिंडाला सूज आली आहे का, हे पाहण्यासाठी ते रक्तात मोजतात. त्याचा बाबांच्या आजाराशी संबंध नव्हता.

दोन्ही शब्दांचे मूळ मात्र एकच आहे. ग्रीकमध्ये पिष्टाला ‘अमिलॉन’ म्हणत, म्हणजे जात्यावर न दळलेले. त्यातला नकारार्थी ‘अ’ हा आपल्या ‘अशक्य’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ आहे. कुरडयांसाठी आई गहू तीन दिवस भिजत घालते, रोज पाणी बदलते, ते ओलेच वाटून गाळते आणि पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसू देते, तेव्हा ती तेच अमिलॉन काढत असते. त्यापुढचे ‘ऑइड’ म्हणजे ‘सारखे’ आणि ‘ओसिस’ म्हणजे विकाराची अवस्था. म्हणून मी ‘माय’ न लिहिता ‘मि’ लिहितो : ॲमिलॉइडोसिस.

पण शब्द असा फोडून अर्थ लावला की फसगत होते. १८५४ मध्ये जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशो यांनी शरीरातल्या एका साठ्यावर आयोडीन आणि गंधकाम्ल टाकले, तेव्हा पिष्टाची आठवण करून देणारा निळसर रंग आला आणि त्यांनी हे नाव वापरले. अवघ्या पाच वर्षांत, १८५९ मध्ये, डॉक्टर फ्रीडराइख आणि रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी तो पदार्थ पिष्ट नसून प्रथिनासारखा असल्याचे दाखवले. नाव मात्र तसेच राहिले.

आमच्या घरी या नावाने जवळजवळ दोन महिने बाबांचा भात आणि बटाटा बंद केला. कोणीतरी नातेवाइकाने ‘पिष्ट साचते’ असा अर्थ सांगितला आणि आम्ही तो भाबडेपणाने मानला. प्रत्यक्षात चुकीच्या घडीची प्रथिने एकमेकांना चिकटून बारीक तंतू होतात आणि मूत्रपिंड, हृदय, यकृत, चेतातंतू, कधी जीभ, अशा कुठल्याही अवयवात साचतात. म्हणूनच लघवीला येणारा फेस, पायांवरची सूज आणि धाप या तक्रारी घेऊन आम्ही वेगवेगळ्या दारांत फिरलो. ऊतीच्या तुकड्याला काँगो रेड रंग देऊन ध्रुवित प्रकाशात पाहिले की हे साठे सफरचंदी हिरवे चमकतात, आणि बाबांचे निदान शेवटी त्या हिरव्या रंगानेच झाले.

माझ्या मते रुग्णाच्या घरच्यांनी मूळ नावापेक्षाही जपून लिहावीत ती त्यापुढची अक्षरे. ‘एएल’ मधला ‘ए’ ॲमिलॉइडचा आणि ‘एल’ प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीचा (लाइट चेन), म्हणजे प्रतिपिंडातल्या लहान प्रथिन-भागाचा, जो अस्थिमज्जेतल्या पेशी बनवतात. ‘एए’ हा प्रकार क्षयासारख्या दीर्घकाळ रेंगाळलेल्या संसर्गामागून येऊ शकतो. ‘एटीटीआर’मध्ये यकृतात तयार होणारे वेगळेच प्रथिन असते. तिन्हींचे उपचार अगदी निराळे आहेत, त्यामुळे इथे एका अक्षराची चूकही परवडत नाही.

आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘ॲमिलॉइडोसिस, प्रकार एएल’ असे लिहिले आहे. भात पुन्हा सुरू झाला आहे आणि यंदा बाबांनी वाटीभर गरम चीकही खाल्ला. सुजेमुळे डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले आहे, म्हणून आईने त्यात दूध आणि साखर घातली.