तुम्ही विचारलंत म्हणून: देवावर भार घालणे

दुकानात येणारी ओळखीची माणसे मला हटकून विचारतात, आणि परवा तुम्हीही विचारलेत, की २०२० साली धंदा बसत असताना तुम्ही देवावर भार घालून स्वस्थ कसे राहिलात?

स्वस्थ मी मुळीच नव्हतो. आमचे दुकान कापडाचे. वर्षाची खरी विक्री लग्नसराईत होते. त्या मार्चमध्ये भरलेला माल टाळेबंदीमुळे घडीही न मोडता कपाटात पडून राहिला, व्यापाऱ्यांची देणी थकली, आणि मी रोज रात्री वही उघडून तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडत बसे. देवपूजा सकाळी होत होती, पण भरवसा सगळा त्या वहीवर होता.

जूनअखेर टीव्हीवर पाहिले, की दरवर्षी लाखो वारकऱ्यांसह पायी जाणाऱ्या पादुका देहू-आळंदीहून एसटीने पंढरपूरला निघाल्या आहेत. मला भडभडून आले. आई मात्र शांतपणे म्हणाली, "पायी नाही तर गाडीने, पण निघाल्या ना?"

त्या रात्री मी वहीऐवजी गाथा उघडली. तुकोबाही वाणीच होते, हे आपण व्यापारी अभिमानाने सांगतो आणि त्यांचे दिवाळे सोयीने विसरतो. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात पैसा आटला, मान गेला आणि पहिली पत्नी 'अन्न अन्न करितां मेली'. हे सारे त्यांनी ज्या अभंगात सांगितले आहे, तो संतांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे: बोलू नये, पण तुम्ही विचारले म्हणून बोलतो, असे ते सुरुवातीलाच म्हणतात. पुढचे कडवे मी कितीदा तरी वाचले. धंद्यात तूट आल्याची लाज वाटली, असे सांगून ते लगेच भंगलेल्या देवळाकडे वळतात. ते नीट करावे असे मनात आले, म्हणतात. आधी अभ्यासात चित्त नव्हते, हेही लपवत नाहीत. देवावर भार घालणारा माणूस हात जोडून बसून राहतो, ही माझी समजूत तिथे मोडली.

दुसऱ्या दिवशी मी सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन करून, पैसे आत्ता देता येत नाहीत, असे सरळ सांगितले. एवढे एक वाक्य मला तीन महिने जमले नव्हते, कारण माझी पत मीच तोलून धरली आहे, असे मला वाटत होते. त्याने मुदत दिली. न देता, तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. पण फोन ठेवल्यावर, उत्तर काहीही आले असते तरी, मला त्या रात्री झोप लागली असती, एवढे नक्की.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. माझी उधारीची वही अजून गल्ल्याखालीच आहे. तेवढी माझी तयारी नाही. मात्र तिच्यातल्या चार-पाच नावांपुढची रक्कम मी आता मागत नाही.