पत्ता कुणाचा?

"मामा, घरमालक सहीच देईना." म्युनिकहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी फोंड्याच्या बाजारात होतो.

जर्मनीत नव्या घरात गेल्यावर 2 आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी मालकाच्या सहीचा कागद हवा. आपलं लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून 6 महिनेच चालतं. मग लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा. त्या अर्जालाही आधी नोंदलेला पत्ता.

मालक भाडं वेळेवर घेतो. टपालपेटीवर पोराचं आडनावही चिकटवलंय. पण सही करायला तयार नाही.

"रोज जिथे झोपतो, तिथे मी राहतो हे सिद्ध करता येत नाही मामा."

फार लागलं ते. आमच्या गोव्यातही बाहेरून आलेल्या कामगारांना भाडेकरार करून न देणारे मालक आहेतच. त्यांनी पत्ता कुठला दाखवायचा?