मारुती कुठवर?

"गंगापूरचं पाणी सोडलंय हो."

"अगंबाई, मग कपबश्यांचं राहूच दे."

जिन्यात शेजारच्या वहिनी आणि माझ्या सासूबाई यांच्यात एवढंच बोलणं झालं आणि दोघी आपापल्या घरात गेल्या. नुसती वाक्यं पाहिली तर धरण कुठे आणि कपबश्या कुठे! पण नाशिककर इथे अडखळत नाही. मधलं सगळं तो मनातल्या मनात भरून घेतो. धरणातून विसर्ग वाढला की गोदावरी घाटावर चढते. उद्या बुधवार, आणि बुधवारचा बाजार भरतो गंगेवर. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यात काशीच्या लोकांनी वाईट वाटून घेऊ नये.) पाणी चढलं की विक्रेते ताडपत्र्या गुंडाळून माल वर हलवतात, आणि वहिनींना हव्या तशा स्वस्त कपबश्या तिथेच मिळतात. हे सगळं वहिनींनी एकेक करून सांगितलं असतं, तर सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

शाळेत आपल्याला शिकवलं की 'म्हणून', 'परंतु', 'त्यामुळे' पेरले की वाक्यं एकमेकांना धरून राहतात. निबंधात त्याचे मार्कही मिळायचे. पण अशी अव्ययं ठासून भरलेलं सरकारी पत्र तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, आणि जिन्यातलं बोलणं मात्र चालता चालता कळतं.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये होळकर पुलाखालून किती हजार क्युसेक पाणी वाहतंय ते सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. हिशेब येतो, पण तो आकडा आणि आपल्या दुकानाचा उंबरठा यांचा मेळ काही बसत नाही. म्हणून लोक विचारतात, "मारुती कुठवर?" रामकुंडाजवळ पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पट्टी. गुडघे, कंबर, छाती, गळा. कंबर म्हटलं की काठावरच्या टपऱ्यांची आवराआवर होते, छाती म्हटलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक खालचा माल वर चढवायला घेतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये "मारुती बुडाला" या दोन शब्दांत अख्ख्या शहराला पुराचा अंदाज आला.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर 'पाणी' आणि 'मारुती' हे दोन्ही शब्द लिहायची कुणी तसदी घेत नाही.

"गुडघे."

"अजून गुडघेच?"

"दुपारपर्यंत कंबर धरेल."

"दादाला सांगा, गाडी वर आणून लावायला."

यावर माझ्या जावेच्या नव्या सुनेचा मेसेज आला. माहेर नागपूरचं, लग्नानंतरचा पहिलाच पावसाळा. "काकूंना जिना चढवत नसेल तर माझ्या मामांच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत. विचारू का?"

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. मला मात्र तिचं कौतुक वाटलं. गुडघे, कंबर आणि गाडी एवढ्या भांडवलावर तिने एक अख्खी आजारी बाई उभी केली होती, आणि त्या बाईत कुठेही विसंगती नव्हती. माणसाचं मन सुटी वाक्यं सुटी ठेवतच नाही. त्याला संदर्भ दिला नाही, तर ते घरचा घालतं.

आपल्या जुन्या पंडितांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त "सूर्य मावळला" एवढंच वाक्य घेतलं आणि ऐकणारा बदलला की अर्थ कसा बदलतो ते दाखवलं. कुणाला ते 'शत्रूवर हल्ला करायची वेळ झाली' असं ऐकू येतं, कुणाला 'काम थांबवू या', कुणाला 'गाई आत घ्या', कुणाला 'फार लांब जाऊ नकोस'. त्या यादीत 'विकायचा माल आवरा' हेही आहे. मम्मट कधी गोदाकाठी आला नसणार, पण बुधवारच्या बाजारातली बाई त्याला बरोबर कळली होती.

1972 मध्ये ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक उतारा ऐकवला. वस्तूंचे ढीग करा, कमी असतील तर एक ढीगही पुरतो, एका वेळी फार घेऊ नका, असं काहीबाही. शब्द सगळे सोपे, तरी अर्थाचा पत्ता नाही. ज्यांना आधी सांगितलं होतं की हे कपडे धुण्याबद्दल आहे, त्यांना उतारा समजला आणि जास्त आठवलाही. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितलं, त्यांना मात्र त्याचा काही फायदा झाला नाही. मला यातला हा शेवटचा भाग फार पटतो. आमच्या सूनबाईंना सगळ्यांनी मारुतीचं समजावलं खरं, पण तोवर तिचे मामा डॉक्टरांशी बोलूनही झाले होते.

गावातल्या गावात हे सगळं गमतीचं. बोलणं वेशीबाहेर गेलं की पंचाईत होते. दर जुलैमध्ये कुठल्या तरी जुन्या पुराचा फोटो नव्याने फिरू लागतो. त्यात तारीख नसते, मारुतीच्या गळ्याशी पाणी असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'आत्ताच आलेला'. इथला माणूस आधी फोटोचे कोपरे बघतो. ही टपरी तर कधीच उठली, तो फलक आता तिथे नाही, असं म्हणून पुढे सरकतो. बाहेरगावच्या माणसाला टपरी आणि फलक कुठून ठाऊक असणार?

परवा पुण्याहून आत्यांचा फोन. "तुम्ही बरे आहात ना? पाणी शिरलं का?"

म्हटलं, "आत्या, तो फोटो जुना आहे. आणि आपण इंदिरानगरला राहतो, नदी तिकडे लांब. शिवाय चौथा मजला."

"ते असू दे," आत्या म्हणाल्या. "तरीपण मेणबत्त्या आणून ठेव."