बाबांसाठी दाराचा टब नको, आपली न्हाणीच नीट करा

दादाने फोंड्याच्या घरी बाबांसाठी कडेला दार असलेला टब घ्यायचं मनात आणलंय. त्यावर बोलण्याआधी इथलं सांगते. इंग्लंडमध्ये स्विंडनच्या ज्या केअर होममध्ये मी म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालते, तिथे कुणालाही टबात उतरवण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवायचा, आकडा बघायचा, तो वहीत लिहायचा आणि पुढे सही करायची. हात घालून घेतलेला अंदाज चालत नाही. पाणी ४४ अंशांच्या वर असलं की माणूस टबात जात नाही, विषय संपला. काल रुजू झालेली मुलगी असो की केस पिकलेली सीनियर, सूट कुणालाच नाही.

या एका नियमावर मी कितीही बोलू शकते. आपल्याकडे तान्ह्या बाळाचं पाणी कोपर बुडवून बघतात आणि ते बरोबरच असतं, कारण बघणारीचा हात तयार असतो. शिवाय बाळाला चटका बसला तर ते टाहो फोडतं. इथे मी ज्यांना न्हाऊ घालते त्यांतल्या निम्म्याजणांना ते सांगता येत नाही. एकीला अर्धांगवायू झालाय, डाव्या अंगाला गरम-गार काही कळत नाही. एका आजोबांचे पाय मधुमेहाने बधिर झालेत. ज्यांची स्मृती गेली आहे त्यांना भाजतंय हे जाणवतं, पण तोंडातून शब्द येत नाही, ते नुसते हात झटकतात आणि नवखी मुलगी समजते की आज आजींचा मूड नाही. या सगळ्यांच्या वतीने तो आकडा बोलतो.

नळामागची व्यवस्थाही तशीच. टाकीत पाणी ६० अंशांवरच ठेवावं लागतं, नाहीतर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीवर पडलं तर काही सेकंदांत खोलवर भाजतं. म्हणून नळाजवळ गरम-गार मिसळणारा एक व्हॉल्व्ह बसवतात. गार पाणी अचानक बंद झालं तर तो गरमही बंद करतो. वर तरीही थर्मामीटर आहेच. व्हॉल्व्ह बिघडू शकतो हे धरूनच सगळं चाललेलं असतं, आणि मला हेच आवडतं.

टबाचं तेच. बटण दाबलं की आख्खा टब माझ्या कमरेपर्यंत वर येतो. माणूस खुर्चीत बसतो, पट्टा लागतो, खुर्ची उचलली जाते, फिरते आणि पाण्यात उतरते. कुणी कुणाला बखोटीला धरून ओढत नाही. माणसं उचलणाऱ्या अशा यंत्रांची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायलाच हवी, असा १९९८ सालापासूनचा नियम आहे. त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना माझी पाठ शाबूत असते. फोंड्याला बाबांना न्हाऊ घालणाऱ्या माझ्या वहिनीची नसते.

तर विषय तिथला आहे. बाबांचा पार्किन्सन (कंपवात) वाढलाय हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक आहेच. दादाने पणजीच्या एका दुकानात दाराच्या टबाचा भाव काढला आणि मला व्हिडिओ पाठवला. अडीच लाख, बसवायचे वेगळे. एक हसरे आजोबा टबाच्या कडेचं छोटं दार उघडून आत शिरतात, बाकावर बसतात आणि पुढच्या क्षणी छातीपर्यंत फेसात दिसतात. मधला वेळ कापलेला आहे, आणि सगळी अडचण त्या कापलेल्या वेळातच आहे.

दार उघडं असताना टब भरता येत नाही. म्हणजे बाबांनी कपडे उतरवून आत बसायचं, दार लावायचं आणि मग नळ सोडायचा. आंघोळ झाली की सगळं पाणी वाहून जाईपर्यंत ओल्या अंगाने तिथेच बसून राहायचं. दार आत उघडणारं असेल तर पाण्याचा दाबच ते घट्ट धरून ठेवतो. आत चक्कर आली तरी बाहेरच्याला ते उघडता येत नाही. बाहेर उघडणारं दार त्या मानाने बरं, पण त्याला न्हाणीत जागा हवी आणि सगळी भिस्त रबराच्या पट्टीवर.

मग पाण्याचा हिशेब. माणूस आत बसल्यावरही असा टब भरायला दीडशे लिटरच्या आसपास लागतं. आपला गिझर २५ लिटरचा. त्यातलं पाणी ६५ अंशांवर तापलेलं आणि वरच्या टाकीतलं २७ अंश धरलं, तर ४० अंशांचं कोमट पाणी जेमतेम ७० लिटर होतं. अर्धा टब. टाकी न्हाणीपासून तीन मीटर वर, म्हणजे दाब कमीच, ०.३ बार. मिनिटाला सात-आठ लिटर आलं तरी भरायला वीस मिनिटं, आणि अर्ध्यातच गिझर गार. ओप्याच्या जलप्रकल्पाचं पाणी नळाला आलं नाही त्या दिवशीची गोष्टच सोडा. तोवर बाबा उघड्या अंगाने कुडकुडत बसणार. इथे न्हाणीघर हीटरने उबदार असतं आणि या लोकांना लहानपणापासून पाण्यात पडून राहायची सवय असते, त्यांच्यातल्या काहींना असा टब सोयीचा पडतोही. बाबा आयुष्यात एकदाही टबात बसलेले नाहीत.

त्यातून पार्किन्सन. या आजारात पाय नेमके दारात, उंबरठ्यावर चिकटतात, आणि या टबाच्या दाराला खाली पायरी असतेच. गरम पाण्यात बसल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात, उठताना बीपी उतरतो. बाबांचा तर एरवीही उभं राहताना उतरतो.

इथे घरी राहणाऱ्या माणसाला अशी गरज पडली तर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येते; रोजची कामं जमावीत म्हणून घरात काय बदल हवेत ते ती सुचवते. ती आधी माणसाला खुर्चीतून उठायला सांगते, चालायला सांगते, रात्री किती वेळा उठता ते विचारते, मदत कोण करतं आणि त्याची तब्येत कशी तेही विचारते. मग टेप काढते. इंग्लंडमध्ये अशा बदलांसाठी १९९६ च्या कायद्याने ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळू शकतं, मोठ्यांच्या बाबतीत मिळकत बघून. अर्ज दिल्यावर सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, पण थेरपिस्ट येईपर्यंतच लोकांचा जीव मेटाकुटीला येतो, तेही मी बघते. सांगायचं ते वेगळंच. एवढं सगळं करून पुष्कळ घरांत शेवटी टब उपटून काढतात, जमीन सपाट करतात, पाणी जायला ढाळ देतात आणि भिंतीला खुर्ची लावून हँडशॉवर देतात.

म्हणजे काय करतात? आपली न्हाणी! फोंड्याला आपण पिढ्यान् पिढ्या ज्या जागेत बसून, तांब्याने अंगावर पाणी घेत आंघोळ करत आलो, तिथे हे लोक हजारो पौंड खर्चून पोचतात. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

पण आपली न्हाणी आजारी माणसाला घातकही आहे, हे दादाला मी तितक्याच जोरात सांगितलं. आत उतरायला एक पायरी खाली. पावसाळ्यात कोपऱ्यात शेवाळ. पाट इतका बुटका की त्यावरून उठताना बाबा नळालाच धरतात. दार आत उघडतं, म्हणजे बाबा दारामागे पडले तर ते ढकलताही येणार नाही. तेव्हा गवंड्याकडून जमीन भरून पडवीच्या पातळीला आणायची, ढाळ मागच्या भिंतीकडे. लादी खरखरीत, चकचकीत नको. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. दाराशी आडवी रंगीत पट्टी मारून ठेवायची, चिकटलेलं पाऊल ती ओलांडायला पुष्कळांना मदत होते. हात आणि पाठ असलेली शॉवरची खुर्ची, तीही पाय जमिनीला पुरते टेकतील एवढ्या उंचीची. गिझरला मिक्सिंग व्हॉल्व्ह. आणि थर्मामीटर मी इथून पाठवतेय, यावर चर्चा नाही.

भिंतीला आधारासाठी लावायच्या दांड्यांचं काम मात्र प्लंबरवर सोडायचं नाही. घर जांभ्या चिऱ्याचं. चिऱ्यात साधा प्लग ठोकला की भोक भुसभुशीत होतं. टॉवेल टांगायला चालेल, पण पडणारा माणूस सगळा भार एका हातावर टाकून लटकतो तेव्हा दांडी प्लास्टरसकट हातात येते. भोक आरपार पाडून पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट लावायचा. बसवल्यावर दादाने स्वतः पूर्ण वजन टाकून ओढून बघायचं, मगच बाबांनी हात लावायचा.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा पहिला महोत्सव झाला तेव्हा मी इथे कामावरच्या सगळ्या मैत्रिणींना फोटो दाखवत फिरले होते. गोव्यात एवढं मोठं काही होतं याचं त्यांना नवल वाटलं, मला भरून आलं. पण रॅम्प मैदानावर आणि सरकारी इमारतीला लागतो तेव्हा दहाजण बघतात. घराच्या मागल्या बाजूच्या न्हाणीकडे बघायला कुणी येत नाही, आणि माणूस पडतो तो तिथेच.

गावाकडून एक वाक्य फिरत फिरत माझ्यापर्यंत येतं: स्वतःचा बाप फोंड्याला आणि ही स्विंडनला परक्यांच्या आई-बापाला न्हाऊ घालते. बोलणाऱ्यांची ओळख मला आहे. त्यांना एवढंच सांगते की बाबांच्या गोळ्या, फिजिओ आणि आता ही न्हाणी याच कामाच्या पगारातून होतेय. आणि माणसाला उघडं बसवून ठेवायचं नसतं, खांद्यावर टॉवेल ठेवूनच पाणी घालायचं असतं, हे मी इथेच शिकले. वहिनीला मी ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा बाबा पलीकडून म्हणाले, "असं कोणी आधी सांगितलं नाही." मला ते पुरेसं आहे.

टबाचे अडीच लाख वाचतील. गवंडी, लादी, दांड्या, खुर्ची धरून त्यातले निम्मेही लागायचे नाहीत. उरलेल्या पैशांतून सकाळी तासाभरासाठी शिकलेला पुरुष अटेंडंट ठेवायचा, बाबांच्या सकाळच्या गोळीचा असर चढतो त्या वेळेला. बाबांना सुनेकडून आंघोळ घालून घेताना संकोच होतो, ते बोलत नाहीत. वहिनीही बोलत नाही. दादाने "बघू" म्हटलंय. मी रविवारी पुन्हा फोन करणार आहे.