खाड्यांसकट योगाभ्यास

देवगड तालुक्यात आमची आंब्याची कलमं आहेत. मार्च ते मेअखेर अंगणात पेट्या भरण्याचं काम चालतं. घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला आंबा आकाराप्रमाणे निवडायचा, देठ सांभाळून गवतात लावायचा, आणि हे सगळं उकिडवं बसून नाहीतर वाकून. चाळिशी उलटली आणि माझी कंबर धरू लागली. डॉक्टरांनी फोटो बघून मणके ठीक आहेत, स्नायू आखडलेत असं सांगितलं आणि गावातल्या योगवर्गाचा रस्ता दाखवला.

वर्ग घेणाऱ्या ताई सावकाश शिकवायच्या. झटके नाहीत, मोजणी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तिथे आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासायला घेतलं, ते सगळं ताई गप्पांच्या ओघात सांगत. पवनमुक्तासन, भुजंगासन, वक्रासन, मार्जारासन एवढ्यावर कितीतरी दिवस काढले. भुजंगासनात कुणाच्या मानेची शीर फुगली की जवळ येऊन विचारत, ‘‘स्थिर आहात, पण सुख कुठे गेलं?’’ पतंजलींचं ‘स्थिरसुखमासनम्’ मी असं शिकले.

ताईंच्या यजमानांची बदली झाली, वर्ग बंद पडला. खरी परीक्षा त्यानंतरची.

पहिला प्रश्न जागेचा. पडवीत डास, माजघरात वर्दळ. शेवटी भाताच्या कणग्या असलेली मागची खोली मिळाली. तिची भिंत बिनगिलाव्याच्या चिऱ्याची. विपरीत करणीसाठी पाय भिंतीला लावले की टाचा खरवडून निघायच्या, म्हणून तिथे जुनं गोणपाट ठोकलं. आषाढात शहरातून मागवलेल्या रबरी मॅटवर बुरशी धरली. लादीला पाणी सुटतं त्या दिवसांत, त्रिकोणासनात मागचा पाय सरकत जातो. तेव्हापासून दुहेरी घडी घातलेली घोंगडी वापरते. ती सरकत नाही, गार पडत नाही, टोचते मात्र. मॅट आता सासूबाईंच्या पापडांखाली असते.

सासूबाईंना आसनांचं काही वाटलं नाही. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा प्राणायाम, सुरू केली त्या दिवशी मात्र दाराबाहेरून हाक आली, ‘‘गो, खोलयेत भुंगो शिरलो काय, बघ.’’

जागा मिळाली तरी वेळ मिळत नव्हती. पहाटेचा अभ्यास उत्तम असं सगळीकडे छापलेलं असतं. एप्रिलात पहाटे आमच्या दारात टेम्पो उभा असतो. गणपतीत चाकरमानी आले की कणग्यांच्या खोलीत अंथरुणं पडतात. पतंजलींच्या योगसूत्रात अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, नैरंतर्य म्हणजे खंड न पडणं, आणि सत्कार म्हणजे आदर सांगितलाय. त्यातला ‘नैरंतर्य’ मला छळायचा. एक खाडा झाला की आठवडा जायचा, कारण मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू.

सुटका झाली ती हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ वाचताना. तो लिहिणाऱ्या स्वात्मारामांनी योग कशाने बिघडतो ती सहा कारणं दिली आहेत: अतिआहार, अतिश्रम, फार बोलणं, नियमाग्रह, माणसांची गर्दी आणि चंचलपणा. आंब्याच्या मोसमात पहिली दोन, गणपतीत उरलेली बहुतेक. कोकणातलं घर समोर ठेवूनच लिहिलंय असं वाटलं! पण नियमाग्रह वाचून मी थांबले. या ग्रंथाचा अर्थ उलगडणाऱ्या ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेत त्याची उदाहरणं आहेत, पहाटे गार पाण्याने आंघोळ, फक्त फलाहार वगैरे. म्हणजे ज्याला आपण शिस्त म्हणून मिरवतो तेच.

मग मी घड्याळ सोडलं आणि मोसम धरला. पावसाळ्यात आणि थंडीत सकाळी पूर्ण अभ्यास, शेवटी अनुलोम-विलोम. पेट्यांच्या दिवसांत संध्याकाळी, जेवणाआधी, फक्त मार्जारासन, विपरीत करणी आणि शवासन. वाकून वाकून शिणलेल्या कमरेला तेव्हा आणखी पुढे वाकवायचंच नाही, म्हणून पश्चिमोत्तानासन त्या तीन महिन्यांत बंद. गणपतीत न्हाणीघरामागे उभ्याने ताडासन आणि अर्धकटिचक्रासन, कुणी हाक मारेपर्यंत. रोज काहीतरी होतं. कधी नाही होत. दुसऱ्या दिवशी होतं, सोमवारची वाट न बघता.

२१ जूनला शाळेच्या पटांगणात योगदिन असतो, २०१५ पासून. आमच्याकडे त्या सुमाराला पाऊस कोसळत असतो, त्यामुळे सगळे व्हरांड्यात दाटीवाटीने हात वर करतात. मी जाते, मजा येते. त्याचा रोजच्या अभ्यासाशी फारसा संबंध नाही, एवढंच.

कंबर आता मेच्या शेवटी कुरकुरते, आधी मार्चमध्येच सुरू व्हायची. पद्मासन जमत नाही, डावा गुडघा वर राहतो, अर्धपद्मासनात त्याखाली उशी घेऊन बसते. सर्वांगासन घरी पुस्तकात बघून करायला घेतलेलं नाही. मानेवर भार येतो, त्याला समोर शिकवणारं माणूस हवं. कणकवलीत एक वर्ग सुरू झालाय असं ऐकते. पेट्या संपल्या की चौकशी करणार आहे.