पाच दिवसांचा महिना

रविवार, रात्री साडेदहा

भांडी अजून ओट्यावरच पडली आहेत. आज इथिओपिया होता.

दर रविवारी डब्यातून एक चिठ्ठी काढायची, त्या देशातलं काहीतरी रांधायचं आणि जेवता जेवता त्या देशाबद्दल बोलायचं, असं ठरून पाच महिने झाले. धाकट्याने तेव्हाच हिशेब मांडला होता. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३, आठवड्याला एक, म्हणजे जवळजवळ पावणेचार वर्षं. बघू.

सुरुवातीला मला भारीच हुरूप होता. झेंडे रंगवले, राजधानी-चलन-लोकसंख्या लिहिलेले कागद ताटाशेजारी मांडले, शेवटी प्रश्नमंजूषाही घेतली. जेवण गार झालं आणि राजधान्या सोमवारपर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत. चौथ्या रविवारी कागद गुंडाळून ठेवले. आता एकच नियम आहे: ताटातल्या एका तरी जिनसेचा माग काढायचा, ती तिथे पोचली कशी.

त्याची खरी गंमत बटाट्याने दाखवली. पेरूची चिठ्ठी निघाली तेव्हा वाचलं की बटाट्याची पहिली लागवड अँडीजच्या डोंगराळ भागात हजारो वर्षांपूर्वी झाली आणि आजही तिथे त्याच्या हजारो जाती आहेत. तिथले लोक बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठू देतात, मग पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. धाकटा लगेच पाय धुऊन हजर. एक बटाटा शहीद झाला, फरशी मीच पुसली.

दोन आठवड्यांनी आयर्लंड निघालं. ताटात पुन्हा बटाटाच. १८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर करपा पडला. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, जवळपास तितक्यांनीच देश सोडला. गरिबांची सगळी भिस्त लंपर नावाच्या एका जातीवर होती. मोठीने घास हातातच धरला. "पेरूत हजारो जाती होत्या ना? मग यांनी एकच का लावली?" मी सांगितलं की जमीन जमीनदारांची, वाट्याला तुकडाभर, आणि तेवढ्या निकस तुकड्यात घरादाराचं पोट भरेल असं पीक तेच होतं. दुष्काळातही तिथलं धान्य जहाजांतून बाहेर जात होतं हे सांगितल्यावर मात्र ती चिडली. माझ्यावरच, जणू जहाजं मी भरली होती. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न मला कधीच सुचला नसता.

तर आज इंजेरा. खरा इंजेरा टेफचा. टेफचा दाणा खसखशीएवढा बारीक असतो. तो मिळाला नाही, म्हणून दुसरंच पीठ तीन दिवस आंबवलं, आणि हे मुलांना आधीच सांगून टाकलं. इंजेरा एकाच बाजूने भाजतात, उलटायचा नाही. वरच्या बाजूला भोकं पडतात, त्यांना डोळे म्हणतात. माझे पहिले तीन आंधळे निघाले, शिवाय तव्याला चिकटले. चौथ्याला मोजून सात डोळे.

ताट मात्र एकच, मोठं, मधोमध. खाली इंजेरा, त्यावर मसुरीचा तिखट रस्सा, सगळ्यांनी त्यातूनच खायचं. बर्बेरे मसाल्यात मिरची असते म्हटल्यावर मोठी म्हणाली, "मिरची मेक्सिकोची. म्हणजे १४९२ च्या आधी यांचा रस्सा असा लाल नव्हताच." हे तिचं तिने जोडलं, मी चमचाभरही मदत केली नाही.

आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवायची तिथे रीत आहे, गुर्शा. घास जितका मोठा, तितकी माया जास्त. शनिवारपासून दोघांचा अबोला होता. मोठीने इंजेऱ्याचा लिंबाएवढा गोळा केला आणि त्याच्या तोंडात कोंबला. माया की सूड, देव जाणे. त्याचे दोन्ही गाल फुगले, रस्सा हनुवटीवरून ओघळला, आणि अबोला तिथेच संपला, कारण हसणं कुणालाच आवरेना.

"तिथे रोज हेच खातात?" त्याने विचारलं. हा प्रश्न दर रविवारी येतो आणि मला अडचणीत टाकतो. एका ताटात देश मावत नाही हे मलाही कळतं. मी उलट विचारलं, कुणी आपल्यावर असं जेवण केलं तर ताटात काय वाढतील? चौघांची चार उत्तरं आली आणि भांडण जुंपलं. तेच उत्तर समजा, म्हटलं.

मग कॅलेंडर. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं: बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पागुमे फक्त पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ आकड्यांनी मागे. "म्हणजे तिथे तू अजून रांगतोयस," मोठी म्हणाली. हिशेब चुकीचा आहे, पण त्याने क्षणभर खरा मानला. पागुमे ६ सप्टेंबरला सुरू होतो. त्याचा वाढदिवस ८ ला. बोटांवर मोजून तो ओरडला, "पागुमेची तीन तारीख!"

झोपायला जाताना त्याने इथिओपियाची चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकलेली मी पाहिली. वाढदिवसाला परत काढायची म्हणे. अरे, पण डोळे मिटून काढायची असते ना?

"कोपरा दुमडलाय," तो म्हणाला.